कौतिकामायच्या दारातला लोटा

वाशीम,
बुद्धपौर्णिमा तोंडावर आली आहे

प्रिय बा,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तू होतास तेव्हा लिहिलं नाही, कारण तुला वाचता येत असूनही घरी आलेलं कुठलंही पाकीट तू आधी उन्हात धरायचास, मग पोस्टाचा शिक्का बघायचास, आणि मग ते माझ्या हातात देऊन म्हणायचास, "वाच. पण मोठ्यानं वाच. मनात वाचलेलं मले पटत नाई." अशा माणसाला पत्र कोण लिहील?

आणि आता तरी हे कोणाला लिहिते आहे? दीक्षा घेऊन आल्यापासून तू आत्मा मानत नव्हतास. मेला माणूस म्हणजे मेला, असं स्वच्छ सांगायचास. तरी लिहिते. वाशीमला माझ्या ओळखीच्या घरांतून मुलं वडिलांना अहो-जाहो करतात, पण आपल्यात बापाला तूच म्हणायचं, म्हणून तूच लिहिते. चालेल ना?

झालं असं, की आपल्या वस्तीतल्या पोरांनी तुझ्यावर नाटक बसवलं. तुझ्यावर आणि दौलतकाकावर. लिहिलं मनोहरनं, तोच तो, वाशीमच्या कॉलेजात बी.ए. करतो आणि केस कानावर ठेवतो. जयंतीला विहारापुढच्या मांडवात पहिला प्रयोग झाला. आता बुद्धपौर्णिमेला अनसिंगला दुसरा आहे. तिथे पडदा उघडायच्या आधी मी उभं राहावं आणि सांगावं, की मी किसन फौजीची मुलगी, आणि हे सगळं खरं घडलेलं आहे, असा मनोहरचा हट्ट आहे.

मी अजून हो म्हटलेलं नाही. खरं घडलेलं आहे, असं मी कसं सांगू? मी होते का तिथे? आणि बा, तू तरी आम्हाला खरं सांगितलं होतंस का?

रागावू नकोस. हा संशयी स्वभाव मी काही बाजारातून आणला नाही. जेवायला बसलास की पाठ भिंतीला हवी. नवीन माणूस दारात आला की त्याच्या चेहऱ्याआधी हाताकडे बघणार. शेताच्या धुऱ्यावर सुतळी ताणून तिला खडे भरलेले डबे बांधणार, आणि लोक हसले की म्हणणार, "डुकरं येतात." डुकरं तर येतच होती, पण तू ते डबे घराच्या मागच्या बाजूलाही बांधले होतेस, तिथे कोणती डुकरं येत होती? वरच्या आळीतून लग्नाचं बोलावणं आलं तर तू आधी विचारायचास, "आताच काहून बोलावून राह्यले?" माय वैतागून म्हणायची, "बाप तसा, पोर तशी. एक दिवस दोघं मिळून माह्या भाजीतही इख शोधसान."

तर त्या स्वभावानंच मी तुझी ती गोष्ट ऐकत मोठी झाले. तुझी आणि दौलतकाकाची. तुम्ही दोघे एका दिवशी कामठीला भरती झालात, एकाच पलटणीत ब्रह्मदेशात गेलात, आणि लढाई संपल्यावर तू एकटा परत आलास. दौलतकाकाची आंधळी म्हातारी माय दरवर्षी खळं झालं की तुला बोलावून घ्यायची. ओट्यावर घोंगडी टाकायची. वस्तीतली माणसं जमायची. म्हातारी म्हणायची, "सांग बाप्पा माह्या लेकराचं." आणि तू सांगायचास:

"सकायची येळ होती. दौलत माह्या उजव्या हाताले होता. गोळी आली ते सिधी छातीत. पडला तो माह्या मांडीवर. म्हणे, किसन, मायले सांगजो, मी उपाशी नोतो, तहानेला नोतो. मंग डोये मिटले. मी माह्या हातानं माती देली."

एवढंच. म्हातारी पदराला डोळे पुसायची, पण चेहरा निवांत दिसायचा तिचा. मला ती गोष्ट पाठ झाली होती. आणि पाठ झाली, हेच मला खुपायला लागलं.

कारण तू दुसरं काहीही सांगितलंस की ते दरवेळी बदलायचं. अनसिंगच्या बाजारात बैल उधळला ती हकीकत घे. एकदा बैल तांबडा, एकदा पांढरा. एकदा तू शेपटी धरलीस, एकदा शिंग. खरं घडलेलं माणूस असंच सांगतो, आठवत आठवत, अडखळत, स्वतःलाच दुरुस्त करत. आणि दौलतकाकाचं मरण मात्र दरवर्षी तेच, त्याच शब्दांत, मध्ये श्वास घ्यायची जागासुद्धा तीच. माणूस आपल्या सोबत्याचं मरण शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणतो का?

शिवाय ते वाक्य. तहानेला नोतो. छातीत गोळी बसलेला माणूस असा निरोप देतो?

बांगलादेशची लढाई झाली तेव्हाचं तुला आठवत असेल. मी तेव्हा अकोल्याला शिकत होते आणि सुटीत घरी आले होते. ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती अख्खं गाव, तू मात्र गोठ्यात. लढाई जिंकल्यावर वरच्या आळीच्या लोकांनी तुझा सत्कार ठेवला. तू मला तीनतीनदा विचारलंस, हार कोणी आणला, पैसे कोणी दिले. शेवटी गेलास. भाषण करा म्हणाले, तर उभा राहून तीच गोष्ट म्हणालास, अक्षराचा फरक नाही, आणि खाली बसलास. सरपंच म्हणाले, "हा आमच्या गावचा वीर." मी मागे बसून विचार करत होते, की हा माणूस यांचा कधीपासून झाला? ज्या विहिरीवर तुला पोहरा टाकू दिला नाही, तीही 'आमच्या गावची'च होती.

त्याच हिवाळ्यात वस्तीतले दोन तरुण भरतीसाठी अनसिंगच्या रस्त्यावर पळायचा सराव करत होते. तू त्यांना हटकलंस.

"काहून पळून राह्यले रे?"

"भरती हाय काका, अकोल्याले."

"दोघंही चालले?"

"हो. जोडीनं जातो."

"जाचं तं जा," तू म्हणालास, "पण जोडीनं नका जाऊ."

ती पोरं हसली. मी हसले नाही. मी ते वाक्य जपून ठेवलं, जसा तू सगळ्या बारीक गोष्टींचा हिशेब मनात ठेवायचास तसं.

आणि मग तो लोटा.

रोज दिवेलागणीला तू पितळी लोटा रांजणातून भरायचास, वर ताटली ठेवायचास, आणि दोन घरं सोडून दौलतकाकाच्या घरी जायचास. आत जायचा नाहीस. दाराशी, जास्वंदीजवळ लोटा ठेवायचास आणि परत यायचास. सकाळी रिकामा लोटा आपल्या ओट्यावर असायचा. कौतिकामाय, दौलतकाकाची बायको, तेव्हा काही म्हातारी नव्हती. नाकीडोळी नीटस, अंगानं सडपातळ, आणि तुझ्या परतण्यानंतरही तिनं पाट लावला नव्हता. आपल्यात विधवेनं दुसरं घर करण्यात काहीच वावगं नव्हतं. मागणी घालणारे चांगले चांगले होते, असं मायच सांगते. तरी ती नाही म्हणत राहिली. मग लोकांनी काय समजायचं? रोज संध्याकाळी एक बाप्या पाण्याचा लोटा घेऊन एका विधवेच्या दाराशी जातो. लोकांनी जे समजायचं ते समजलं. मायनंही तेच समजलं. मीही.

मी आणखी पुढे गेले होते, तेही सांगून टाकते. मला वाटायचं, की दौलतकाकाला जपानी गोळी लागलीच नसेल. कौतिका तुझ्या मनात असेल, म्हणून तूच त्याचं काहीतरी केलं असशील. बापाबद्दल मुलीनं असं मनात आणावं का? पण मी आणलं. माफी मागत नाही. तू जागा रिकामी ठेवलीस, मी भरली.

दुष्काळाच्या वर्षी तर कहर झाला. वस्तीची विहीर आटली. तू आणि माय दोघेही खडी फोडायला जात होता. कामावरून आल्यावर माय नाल्यातल्या झिऱ्यावर वाटीनं पाणी भरायला बसायची. एक घागर भरायला दिवस मावळायचा. त्या पाण्यात रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, त्यातच पिणं. आणि तू त्याच घागरीतून लोटा भरलास.

माय दारात आडवी उभी राहिली. मला अजून तिचा आवाज ऐकू येतो.

"आज नाई. आज मी नेऊ देणार नाई."

"बाजूले हो."

"माह्या बोटाचे साल निंगाले वाटी घासू घासू. अन् तू तिच्यासाठी घेऊन चालला? तिले हात नाईत? तिचा झिरा येगळा हाय का?"

"बाजूले हो, म्हटलं."

"सांग मले. एक डाव सांग, कायले नेतं? मंग ने."

तू घागरीजवळ बसलास. आपल्या वाटणीचं वेगळं काढलेलं पाणी वाटीत मोजून घागरीत परत ओतलंस, आणि लोटा घेऊन गेलास. त्या संध्याकाळी तू पाणी प्यायला नाहीस. माय भिंतीकडे तोंड करून बसली, आणि मी मनात म्हटलं, आता शंकाच नको. इतकं माणूस एका बाईसाठीच करतो.

सांगायचं होतंस ना बा. मला नाही तर तिला. तिनं किती वर्षं तोंड दाबून काढली, याची तुला कल्पना होती?

तू गेल्या भादव्यात गेलास. ताप आला आणि गेलास, बोलायला फारसा वेळ न देता. मी तुझ्या उशाशी बसून होते आणि अगदी शेवटीही वाट बघत होते, की तू आता सांगशील. पुस्तकांमध्ये माणसं सांगतात. मी आठवीला शिकवते त्या पुस्तकात एक जखमी शिपाई आहे, तो आपल्या आईला दोन पानभर निरोप देतो आणि मगच मरतो. एका मुलीनं मला विचारलं होतं, "बाई, मरताना इतकं बोलता येते का?" मी तिला म्हटलं, बोलता येत नाही, म्हणून कोणीतरी मागाहून बसून लिहितं. तू मला एवढंच म्हणालास, "खिडकी लाव." मी लावली.

आता नाटकाचं.

मांडव चांगला घातला होता. पुढे खुर्च्या, त्यावर वरच्या आळीची मंडळी. मला ते खटकलंच. इतकी वर्षं जयंतीकडे न फिरकणारे लोक यंदाच काहून आले? निवडणूक जवळ आहे, हे मला नंतर कळलं. मी मात्र बायांमध्ये सतरंजीवर बसले, कौतिकामायच्या शेजारी, मुद्दाम. तिचा चेहरा बघायचा होता मला.

तुझं काम करणारा मुलगा तुझ्याहून उंच आहे. दौलतकाका मनोहर स्वतः झाला होता. दिवाळीच्या फटाक्यांची लढाई झाली, धूर झाला, मनोहर पडला, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून बोलायला लागला. "किसन, मायले सांगजो..."

मी कौतिकामायकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते.

त्यात काय, सगळ्या वस्तीला ती गोष्ट पाठ आहे. पण बा, तिचे ओठ मनोहरच्या आधी हलत होते. बाकीच्या बाया ऐकत होत्या, डोळे पुसत होत्या. ती रडत नव्हती. ती, मी पोरांना कविता म्हणायला उभं करते आणि स्वतः मागून ओठ हलवते, तशी हलवत होती. आणि मनोहरनं तिथे आपल्या पदरचं घातलं. "मायले सांगजो, मी देशासाठी मेलो," असं म्हणाला. कौतिकामायचे ओठ थांबले. ती हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "असं नोतं टाकलं."

नोतं टाकलं. ऐकलंस? 'असं नव्हतं झालं' म्हणाली नाही. स्वयंपाकात मीठ टाकतात तसं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. ती ओट्यावर सुपात मूग निवडत होती. मी समोर बसले आणि सरळ विचारलं, "कौतिकामाय, ती गोष्ट कोणी रचली?"

तिनं मान वर केली नाही. "कोणती वो?"

"तुला माहीत आहे कोणती."

"शिकलीसवरली पोर तू, अन् मले अडाण्याले इचारून राह्यली?"

"तुझे ओठ हलत होते काल."

मग तिनं सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघत होती, माझ्यात तू किती आहेस ते तपासत असल्यासारखी. मग म्हणाली, "किसनभाऊ गेला. म्हातारी कवाचीच गेली. आता सांगतलं तं कोनाचं काय जाते? पण तू लिहू नको कोठी."

मी हो म्हटलं. हे तुला लिहिणं त्यात धरत नाही, कारण तुला ते माहीतच आहे. तरी लिहिते, म्हणजे तिनं काय सांगितलं ते तुला कळेल, आणि चुकलं असेल तर चूक तुझ्याजवळ राहील.

तू परत आलास त्या दिवशी ती नाल्यावर धुणं धूत होती. अनसिंगच्या वाटेनं तू एकटा येताना तिला दिसलास. एकटा बघूनच तिनं धुणं खाली ठेवलं. आणि तू तिथेच, अंगावरचा कोट न काढता, सगळं सांगितलंस. माघार चालली होती. पाऊस, चिखल, रान. दौलतकाकाला हगवण लागली होती, पाय उचलत नव्हते. तू त्याला पाठीवर घेऊन चाललास. नदी आली. पुलाच्या अलीकडे त्याला झाडाला टेकवून बसवलंस. त्यानं पाणी मागितलं. तुझी बाटली रिकामी. "आणतो," म्हणालास आणि खाली उतरलास. बाटली भरत होतास तेवढ्यात मागून गोळीबार आला, हवालदारानं सगळ्यांना पुलावर पिटाळलं, तुला दंडाला धरून नेलं. पलीकडे पोचलात आणि पूल उडवला. भरलेली बाटली तुझ्या कमरेला होती.

दौलतकाका जिवंत होता. तू ज्या बाजूला गेलास तिकडे बघत बसलेला.

बा, मी तिच्यावर लगेच विश्वास ठेवला असेन असं समजू नकोस. मी तिला उलटसुलट विचारलं, तू मला सत्काराच्या हारावरून विचारलं होतंस तसं. झाड कोणत्या हाताला होतं? आधी डाव्या म्हणाली, मग म्हणाली, "नाई, उजवा असन, नदी डाव्या अंगाले होती म्हणे." पूल लाकडी का लोखंडी? "लाकडी. का लोखंडी म्हणला होता? आता ध्यानात नाई, बाई." पाणी मागितलं तेव्हा काय म्हणाला? तिनं सुपातला एक मूग उचलून फेकून दिला. ती अडखळत होती, स्वतःला दुरुस्त करत होती. बैलाची हकीकत सांगताना तू जसा. तेव्हा मला पटलं.

"मंग मी त्याले खाली बसवलं," ती म्हणाली. "म्हटलं, हे मायले सांगू नको. डोये तं तिचे आंधीच गेले. दौलत जिता मांगं राह्यला म्हटलं तं कान दाराले लावून बसन, मरेपावतर. तिले मेलेलाच दे. अन् चांगला मेलेला दे. मी एक एक बोल टाकला अन् त्याच्याकून म्हणवून घेतला, बाबईच्या झाडाखाली. उपाशी नोतो, तहानेला नोतो. मायले दुसरं काय लागते? लेकरू जेवलं का, पाणी पेलं का, तेवढंच तं इचारते ते. किसनभाऊ पयल्यानं म्हणेच ना. तहानेला नोतो म्हणतानी त्याचं तोंडच उघडे ना. मी म्हटलं, म्हण. म्हणावंच लागन. तं म्हणला."

मी दाराकडे बघितलं. जास्वंद आहे तिथेच आहे. दुष्काळात वाळली होती, मागून तिनं नवी लावली.

"आणि लोटा?"

"तो त्यानं आपल्या मनानं चालू केला. मी नाई सांगतलं. पयल्या दिवशी ठेवून गेला, मी समजली. मीही तसाच ठेवला, रातभर, दारात. तहानेला आलाच तं?" ती हसल्यासारखं करून म्हणाली. "सकायी मंग जास्वंदीले टाको. दुष्कायात मीच पेली, खोटं काहून बोलू? पण सकायीच पेली. रातचा नाई."

"म्हणून पाट लावला नाहीस?"

"जित्याची बायको पाट कसा लावन वो?" ती म्हणाली आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं.

बा, मी किती वर्षं काय काय समजत होते. प्रेम समजले, खून समजले. तुम्ही दोघे एका माणसाची वाट बघत होता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी पोरांना शिकवते, की गोष्टीतली माणसं हवेतून येत नाहीत, त्यांना घर घडवतं, समाज घडवतो, लढाई घडवते. फळ्यावर लिहून देते आणि पोरं उतरवून घेतात. आणि आमच्या गल्लीत अक्षरही न येणाऱ्या एका बाईनं, धुण्याच्या दगडाजवळ बसून, एका सासूसाठी एक माणूस घडवला आणि त्याच्या तोंडात ते वाक्य घातलं. तो माणूस आता अनसिंगला नाटकात मरणार आहे. खरा अजून त्या झाडाखालीच बसला आहे. मला रडू आलं ते तिथे, तिच्या ओट्यावर. तू गेलास तेव्हा आलं नव्हतं इतकं.

उठताना माझी नजर खाली गेली. जास्वंदीच्या आळ्याजवळ पितळी लोटा. वर आपल्या घरची ताटली, काठ चेपलेली. आळं ओलं.

तुला जाऊन किती महिने झाले, बा.

"हा कोणी ठेवला?"

"तुह्या घरून येते," कौतिकामाय म्हणाली. "मी समजली, तूच सांगून गेली असशीन."

मी घरी आले. माय चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिच्या मागे उभी राहिले.

"माय, लोटा तू ठेवतेस?"

"कोनता लोटा?"

"माय."

ती थापत राहिली. "ठेवतो. मंग?"

"तू तर भांडली होतीस त्यावरून. दारात आडवी झाली होतीस."

"भांडली तं भांडली. तुहा बाप गेला त्या दिवशी घरात बाया बसल्या होत्या, रडून राह्यल्या होत्या. अन् लोटा चुलीपाशी भरून. ताप असून सकायी त्यानंच भरून ठेवला होता. दिवे लागले. कोणी न्यावा? तू त्याच्यापाशी बसली होती. मंग मीच नेला. दुसऱ्या दिवशी नाई न्यावा तं हात रिकामा रिकामा वाटे."

"कशासाठी आहे तो, माहीत आहे का तुला? मी सांगू?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, हाताला लागलेलं पीठ झाडलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"नाई. सांगूही नको. इतके वर्षं मी जे समजली ते समजली. आता दुसरं समजाले मले येळ नाई. त्याचं काम राह्यलं होतं, मी करून राह्यली. तू ताट घे."

तिला अजूनही वाटतं, की तो लोटा कौतिकामायसाठी आहे. तसं समजूनही ती तो रोज नेते. मी तिच्यासमोर ताट घेऊन बसले. तुला हे सांगायचं होतं. तुझ्या इतक्या संशयात तू एका माणसावर, मायवर, कधी संशय घेतला नाहीस, आणि ते बरोबर होतं.

आता अनसिंगचं. मी ठरवलं आहे. मी उभी राहीन आणि एकच वाक्य बोलेन: माझे वडील ही गोष्ट अशीच सांगत. त्यात एक अक्षर खोटं नाही. मनोहरला ते कमी वाटेल, त्याला टाळ्यांची जागा हवी आहे, वाटू दे. 'देशासाठी मेलो' हे वाक्य मात्र काढायला लावलं. त्यानं विचारलं, काहून? मी म्हटलं, मूळ गोष्टीत नाही. तो म्हणाला, मूळ गोष्ट कोणाची? मी म्हटलं, ज्याची असेल त्याची.

आणि मांडवात एका कोपऱ्यात, जिथे दौलतकाका पडतो त्याच्या जवळ, पाण्यानं भरलेला लोटा ठेवायला सांगितला आहे. मनोहर म्हणाला, बाई, याचं काय काम? मी म्हटलं, नट बोलतात, घसा कोरडा पडतो, असू दे. कौतिकामाय पुढे बसणार आहे. तिला तो दिसेल.

बा, मी अनसिंगच्या शाळेत बदली मागितली आहे. मिळेल, असं हेडमास्तर म्हणाले. ते इतक्या सहज का म्हणाले, याचा मला जरा संशय आहे, पण मिळाली तर मी घरी राहीन. माय थकेपर्यंत ती लोटा नेईल. ती थकली की मी नेईन. रांजणातून भरीन, वर चेपलेली ताटली ठेवीन, आणि गल्लीत कोण कोण बघतं आहे ते आधी नीट बघून घेईन, कारण मी तुझी मुलगी आहे. पण नेईन. कौतिकामाय गेल्यावरही, ते दार कोणाचंही असो, दिवे लागायच्या वेळेला दौलतकाकासाठी पाणी तिथे असेल. हा शब्द देते.

तुझी,
सुमन